बांधाखालची वायर

कळस गावात शालन सरवदेला निम्मे लोक नावानं ओळखत आणि निम्मे आवाजानं. सरवदे वस्तीवर विहाराशेजारी तिची पत्र्याची टपरी होती आणि टपरीत एसटीडी-पीसीओचा फोन. कुणासाठी फोन आला की ती दारात उभी राहून हाक मारी, आणि ती हाक पाटापलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बाईपर्यंत पोचे. एवढा आवाज असताना फोन कशाला घेतला, अशी लोक चेष्टा करत. शालन त्यावर हसत नसे. फोन कशाला घेतला ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचं माहेर वडगाव निंबाळकरचं. दहावी पास होऊन ती कळसला सून म्हणून आली. नवरा रवींद्र एसटीत कंडक्टर, त्यामुळे घरात पगार येत होता आणि पोटाची चिंता नव्हती. तेव्हा गावात सार्वजनिक फोन एकच, ग्रामपंचायतीच्या खोलीत. खोलीची किल्ली ग्रामसेवकाकडे आणि ग्रामसेवक इंदापूरला राहायचे. १९९१ सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी शालन बाजार करून वस्तीकडे निघाली होती. ग्रामपंचायतीत फोन वाजत होता. वाजून थांबला, पुन्हा वाजला. दाराला कुलूप होतं. शालन पुढं गेली. दुसऱ्या दिवशी एसटीनं निरोप आला तेव्हा कळलं की तो फोन वडगावहून तिच्यासाठीच होता. वडील गेले होते आणि ती पोचायच्या आत सगळं उरकलंही होतं.

तिनं त्याचं रडगाणं कुणापुढं गायलं नाही. दिवस झाले आणि ती इंदापूरला जाऊन फोनचा अर्ज देऊन आली. वस्ती गावापासून लांब, खांब कुठून आणायचे, असं तिला ऐकवण्यात आलं. ती पुन्हा गेली. दर खेपेला नवा साहेब भेटायचा आणि ती पहिल्यापासून सांगायची. १९९४ साली गाडीवाटेच्या कडेनं लोखंडी खांब उभे राहिले आणि वस्तीवर तार आली. टपरीचे नियम तिनंच ठरवले. बाहेर फोन लावला तर मीटर दाखवील तेवढं, आलेल्या फोनला काही नाही, आणि बोलवायला जायचंही काही नाही. गावातले लोकही हळूहळू वस्तीवर येऊ लागले, कारण टपरी दिवसभर उघडी असायची.

अडचण एकच होती. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गाडीवाटेनं उसाच्या ट्रॉल्या निघत. ट्रॉलीवर ऊस इतका उंच रचलेला असे की तो तारेला अडके आणि तार तुटे. लाइनमन कुंडलिक सायकलवरून येऊन जोडून जाई. तो यायला उशीर झाला तर वस्तीवरचं कुणीतरी खांबावर चढून तारेला पीळ मारी. पाच हंगामांत तारेला इतके जोड पडले होते की मूळची तार कुठली आणि जोड कुठला ते कुंडलिकलाही सांगता येत नसे. फोनवर खरखर यायची, पण लोक ओरडून बोलायचे आणि काम भागायचं.

१९९८च्या दिवाळीनंतर बारामतीच्या एका शिक्षणसंस्थेनं खेड्यांत इंटरनेट पोचवायची योजना काढली. निवडलेल्या गावात संस्था एक संगणक ठेवणार, तो फोनच्या तारेनं बारामतीला जोडणार आणि गावातल्या कुणालाही तो थोडक्या पैशांत वापरता येणार. शालनची मुलगी रश्मी बारामतीला कॉलेजात होती. तिच्याकडून शालनला हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी ती संस्थेच्या दारात जाऊन बसली. योजनेचं काम अंजली नावाच्या तरुण बाई बघत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातचं काही न राखता सांगितलं, कळसला संगणक द्यायचा असं ठरलेलंच आहे. ग्रामपंचायतीनंही तो मागितला आहे. दिवसभर उघडी राहणारी जागा मिळाली तर आम्हाला तीच हवी. पण लाइन अर्धा तास न तुटता चालली पाहिजे. नाहीतर संगणक पंचायतीत जाईल, कारण एक्स्चेंज तिच्या शेजारीच आहे.

पंचायतीत जाईल म्हणजे कुलपात जाईल, हे शालनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जानेवारीत अंजलीबाई संगणक घेऊन जीपमधून आल्या आणि टपरीत पहिली चाचणी झाली. मोडेमनं किंचाळून बारामती गाठली. पडद्यावर अक्षरं उमटू लागली आणि चहा गाळून होईपर्यंत जोडणी तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. अंजलीबाईंनी कारण सांगितलं. खरखरीतून माणसाला माणसाचं बोलणं कळतं, कारण तो गाळलेले शब्द मनानं भरून घेतो. यंत्राला ते जमत नाही. त्यांनी आणखी एक संधी दिली, फेब्रुवारीतली.

शालननं कुंडलिकला गाठलं. त्याचं म्हणणं असं की तारेचं आयुष्य संपलं आहे, जोड मारून उपयोग नाही. पाटाच्या मोरीपाशी टेलिफोन खात्याचा तारा जोडायचा चांगला डबा आहे. तिथवर एक्स्चेंजची केबल ठीक आहे. तिथून वस्तीपर्यंत एक सलग वायर जमिनीखालून न्यायची. वायर तो साहेबांकडून मंजूर करून आणील, चर आणि नळी शालननं बघायची.

मोरी आणि वस्ती यांच्यामध्ये हिंदुराव तात्यांचं रान होतं. त्यांच्या दोन शेतांमधून एक बांध मोरीपासून वस्तीपर्यंत दोरी धरल्यासारखा सरळ येत होता. शालन त्यांच्या ओट्यापाशी गेली आणि बांधाच्या कडेनं वीतभर चर मागितला. हिंदुरावांनी तिला पाणी विचारलं, चहा विचारला आणि चर नाकारला.

"आज वायर, उद्या नळी, परवा गाडीवाट," ते म्हणाले. "बांधावरनं एकदा काय गेलं का त्याची वहिवाट हुती, शालन. माज्या बापाचा जलम ह्याच बांधापायी कोर्टात गेला. दुसरं काय बी माग."

दुसरं काही मागायचं नव्हतं. ती वाद न घालता उठली.

बांध नाही म्हटल्यावर उरली ती पाण्याची चारी. ती मोरीपासून निघून तात्यांच्या रानाला तिन्ही बाजूंनी वळसा घालत वस्तीपाशी येत होती. वाट लांबची, पण चारी सरकारी. पाटकऱ्यानं सांगितलं, काठाला घाला, नीट बुजवा, माझं पाणी अडू देऊ नका. पिंपळीचा तिचा मावसभाऊ बाजीराव यानं आपल्या द्राक्षबागेतलं जुनं ठिबक काढून टाकलं होतं. त्या काळ्या नळ्यांची वेटोळी रवींद्रच्या एसटीच्या टपावरून कळसला आली. ठिबकच्या भोकांवर वस्तीवरच्या बायकांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या. वायर एवढ्या लांब नळीत सरकेना, तेव्हा वस्तीवरच्या रंगूबाईनं उलटा मार्ग काढला. वायर जमिनीवर ताणून धरायची आणि नळीचे तुकडे एकामागून एक तिच्यावर ओवत न्यायचे. एका रविवारी अख्खी वस्ती खोरी घेऊन चारीच्या काठाला लागली. संध्याकाळी शालननं फोन उचलला तर कानात खरखर नव्हती. रंगूबाईच्या हातात फोन दिला तर तिला तो बंदच पडला आहे असं वाटलं.

हिंदुराव त्या आठवड्यात लेकीकडं दौंडला गेले होते. ते परत आले ते पाटाला पाण्याची पाळी सुटल्यावर. सकाळी रानात गेले तर पाण्याला नेहमीचा जोर नव्हता. पाणी कुठं जातंय ते बघत ते चारीच्या काठानं वर निघाले. दुसऱ्या वळणाच्या पुढं, वस्तीच्या अंगाला, पाण्यानं काठ धुपला होता आणि मातीतून काळी नळी बाहेर आली होती.

त्या मुलखात काळ्या नळीचा अर्थ एकच होता. चारीच्या काठानं लपवून नेलेली, वस्तीकडं तोंड असलेली नळी म्हणजे पाणीचोरी. पाणी कमी पडलं की संशय वस्तीवर जायचा ही रीत जुनीच. हिंदुरावांनी खोऱ्याचा घाव घातला. पाणी आलं नाही. त्यांनी हातभर अंतरावर दुसरा घाव घातला, मधला तुकडा उचलला आणि आत वायर बघितल्यावर त्यांची उरलीसुरली शंकाही फिटली. नळी आहे, वायर आहे, म्हणजे पुढं कुठंतरी मोटार बसवली आहे.

त्या वेळी शालन टपरीत अंजलीबाईंशी बोलत होती. उद्या सकाळी येतो, एवढं त्या म्हणाल्या आणि पुढचं वाक्य आलंच नाही. शालननं दोनदा हॅलो म्हटलं, फोनची दांडी दाबून बघितली आणि ती बाहेर आली. टपरीबाहेरच्या बाकावर हिंदुरावांच्या पत्नी बनाबाई बसल्या होत्या. त्यांच्या लेकाचा, युवराजचा, पुण्याहून सकाळी फोन यायचा असे. लागत नाही वाटतं, असं त्या म्हणत होत्या तोवर हिंदुराव नळीचा तुकडा हातात घेऊन येताना दिसले. मागे गावातले चौघेजण. त्यांना बघून वस्तीवरची माणसंही गोळा झाली.

"ही नळी कुणाची?" हिंदुरावांनी विचारलं.

"माजी," शालन म्हणाली.

"ऐकलं न्हवं समद्यांनी? कबूल झाली. नळी बी हाय, मोटारीची वायर बी हाय. पाळी माजी आन मोटार ह्यांची. मोटार कुठं पुरली ती दाखव आता."

शालननं हात पुढं केला आणि तुकडा मागून घेतला. आतून करंगळीपेक्षा बारीक वायर ओढून काढली. मग टपरीतून फोन उचलला, दोर पुरेल तिथवर आणला आणि हिंदुरावांच्या कानाला लावला.

"काय ऐकू येतंय, तात्या?"

"काय बी न्हाय."

"मगापतोर येत हुतं. मोटार न्हाय कापली तुमी. फोन कापला."

हिंदुरावांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. बनाबाई बाकावरून उठल्या नाहीत, पण त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"पोराचा फोन यायचा हुता माज्या. आता खोऱ्यावर बोलू का त्याच्याशी?"

"तुला म्हाईत हुतं ही नळी कशाची ती?"

"व्हय. माज्यासमोर पुरली. तुमी दौंडास्नं आल्यापास्नं कुणाला काय इचारलं का? सरळ खोरं घेऊन सुटला."

गावातल्या चौघांपैकी एकजण हसला आणि मग कुणी बघायच्या आत गंभीर झाला. वस्तीवरच्या तरुणांना मात्र हसू आलं नाही. दरसाल पाण्याचा आळ घेतात आणि आज वायर तोडली, आता पोलिसात जायचंच, असं ते बोलू लागले. सरकारी वायर आहे, आत टाकतील, असंही कुणी म्हणालं. ते खोटं नव्हतं. शालन ऐकत होती. त्यांचा राग तिला परका नव्हता, तो तिच्याही पोटात होता. पण तक्रार लिहून होईपर्यंत संध्याकाळ होणार, पंचनाम्यापर्यंत वायर जागची हलवता येणार नाही आणि उद्या अंजलीबाई येऊन बंद फोन बघून परत जाणार. हिंदुराव चौकीत बसतील आणि संगणक पंचायतीच्या कुलपात. तिनं पोरांना एवढंच सांगितलं की चौकी उद्याही तिथंच असंल, आधी एकानं सायकल काढून कुंडलिकला घेऊन या.

कुंडलिक आला, चारीच्या काठानं जाऊन बघून आला. जोड मारता येईल, पण चारीला पाणी चालू आहे. ओल्यातला जोड माणसाच्या बोलण्यापुरता टिकेल, यंत्रापुरता नाही. नवी वायर मंजूर होऊन यायची तर हंगाम संपेल. मोरीपासून घावापर्यंतचा तुकडा तेवढा निर्धोक होता.

"तो केवढा हाय?" शालननं विचारलं.

"हाय की मोठा. वळसा घालूनच आला न्हवं. सरळ वाट असती तर वस्तीत पोचून उरला असता."

सरळ वाट कुठली ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. हिंदुरावांनाही. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले तसे ते आखडले आणि त्यांनी फोन शालनच्या हातात परत दिला.

"चुकलं माजं," ते म्हणाले. "वायरीचं काय व्हईल ते भरून दीन. पर बांध न्हाय."

ही अडचण पैशानं भरून येणारी नव्हती. आता गप्प राहिलं तर सगळे चुकचुकत पांगतील, हे शालनला दिसत होतं. तिनं आवाज चढवला नाही. तिचा आवाज हळू झाला की वस्तीवरची माणसं सावध होत.

"तात्या, तुमाला भ्या कशाचं हाय? वहिवाटीचं."

"व्हय."

"मग चर तुमी काढा. आमी न्हाय. नळी तुमाला दिली, आजपास्नं तुमची. तुमच्या बांधात तुमी तुमच्या हातानं तुमची नळी पुरली, तर आमची वहिवाट कसली? आमचं एक माणूस बांधावर पाय ठेवणार न्हाय. नको वाटंल त्या दिवशी उपटून टाका."

आजूबाजूच्या रानांत नळीचा कायदा हाच होता. ज्यानं चर काढला त्याची नळी, आणि त्याचाच तिच्यावर हक्क. वकील न लावता तो सगळ्यांना पाठ होता. हिंदुरावांनी मागच्या चौघांकडं बघितलं. त्यांतल्या वयस्कर आबाजींनी मान हलवली, म्हणजे यात फसवणूक दिसत नव्हती.

कुंडलिकनं शालनला बाजूला घेतलं. लाइनीचा गळा त्यांच्या हातात देताय, ताई, असं तो हळूच म्हणाला. मनात आलं तर उद्या पुन्हा तोडतील, आणि मग तक्रारही करता येणार नाही.

"आज त्यांनी तोडली ती कशाची हाय ते म्हाईत न्हवतं म्हणून," शालन म्हणाली. "आता त्यांच्याइतकं कुणालाच म्हाईत नसंल."

हे बोलताना तिला खात्री होती असं नाही. पण तिच्याजवळ दुसरी वाट नव्हती, आणि असलेली वाट उद्या सकाळपर्यंतच उघडी होती.

हिंदुराव घरी गेले. थोड्या वेळानं कुदळ घेऊन बांधाच्या मोरीकडच्या टोकाला उभे राहिलेले दिसले. गडी मदतीला आला तर त्याला त्यांनी परत पाठवलं. चर आपल्याच हातचा हवा, ही अट त्यांनी शालनपेक्षाही कडक पाळली. इकडं वस्तीनं चारीच्या काठाची माती उकरून वायर नळीसकट उपसून मोरीपाशी आणली. कुंडलिकनं ती तपासली आणि चर पुढं सरकेल तसतशी बांधात सोडत नेली. सरकारी माणूस म्हणून त्याच्या पायाला हिंदुरावांनी हरकत घेतली नाही. साठीच्या माणसाला एवढं खणणं सोपं नव्हतं. मध्ये ते बसले, तेव्हा बनाबाई भाकरी घेऊन गेल्या आणि काहीबाही बोलून आल्या. काय बोलल्या ते वस्तीपर्यंत ऐकू आलं नाही, पण त्या परत फिरल्यावर कुदळ जोरात चालायला लागली. ऊन कलायच्या आत वायर टपरीत आली. हातभर उरलीसुद्धा.

सकाळी जीप आली. अंजलीबाईंबरोबर ग्रामपंचायतीचे एक सदस्यही होते. चाचणी फसली तर संगणक परस्पर पंचायतीत नेता यावा म्हणून ते जीपमधूनच आले होते. टपरीत जागा नव्हती म्हणून लोक बाहेर उभे राहिले. हिंदुराव बाकाच्या टोकावर, पडद्याकडं पाठ करून बसले. कमरेला उटणं लावल्यासारखा पिवळा लेप होता, हळदीचा.

मोडेमनं बारामती गाठली. पडद्यावर संस्थेचं पान वरून खाली इंचाइंचानं उतरलं. मग पुण्याच्या बाजारातले कांद्याचे भाव उमटले आणि ते कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवले. रंगूबाईनं अक्षरं इंग्रजीच का आहेत म्हणून विचारलं, तेव्हा मराठीला अजून वेळ लागेल असं अंजलीबाईंनी कबूल केलं. गाडीवाटेनं उसाची ट्रॉली आली. ती जुन्या तारेला अडकली, तार तुटून लोंबली आणि लोकांनी सवयीनं पडद्याकडं बघितलं. भाव जागेवर होते.

अर्धा तास होऊन गेला तरी अंजलीबाईंनी जोडणी तोडली नाही. आणखी थोडा वेळ बघून त्या उठल्या आणि संगणक इथंच ठेवायचा आहे, असं सदस्यांना सांगितलं. सदस्य म्हणाले, बरं, पण गावातल्या पोरांना इथं कुणी अडवता कामा नये. शालननं टपरीच्या नियमांकडं बोट दाखवलं. ते तिनं पत्र्यावर रंगानं लिहून ठेवले होते आणि त्यात गाव आणि वस्ती असा फरक कुठं नव्हता.

हिंदुरावांनी पहिल्यांदाच मान वळवली.

"उसाला तोड कवा यायची ते दिसतं का ह्यात?"

"अजून न्हाय, तात्या."

"मग काय उपेग," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात दहावीचा निकाल गावानं त्या टपरीत बघितला. त्याच सुमाराला शेजारच्या एका वस्तीवरचे दोघे शालनकडं आले. त्यांनाही लाइन न्यायची होती आणि त्यांच्याही वाटेत एकाचा बांध होता. तो मालक ऐकत नाही, तुम्ही कसं जमवलं, असं त्यांनी विचारलं. शालननं त्यांना हिंदुरावांकडं पाठवलं.

हिंदुरावांनी त्यांना बांधावर नेलं, चर कुठून कसा काढला ते दाखवलं आणि मालकाशी बोलायला आपण येतो म्हणाले. मालकानंच चर काढायचा, नळी त्याची राहू द्यायची, म्हणजे त्याच्या जिवाला घोर राहत नाही, ही युक्ती त्यांनी अशी समजावून सांगितली की ती त्यांनाच सुचली होती असं त्या दोघांना वाटलं. परत येऊन त्यांनी तात्यांची तारीफ केली. शालननं ती ऐकून घेतली आणि त्यांच्या वस्तीपासून खात्याचा डबा किती लांब आहे, ते विचारलं.